सामाईक कढीपत्ता

सकाळचा नळ गेला, हंडे-कळशा भरून झाल्या, की आई एका हातात चिमटा आणि दुसऱ्या हातात कान तुटलेला कप घेऊन दाराबाहेर बसायची. कपाच्या तळाशी बोटभर रॉकेल. समोर कढीपत्त्याचं झाड. पानं उलटीपालटी करून ती एकेक अळी चिमट्यात धरायची आणि कपात सोडायची. सोडताना दरवेळी पुटपुटायची, "जा बाय, दुसरीकडं जल्म घे." पाच असोत की पंधरा, प्रत्येकीला वेगळं सांगायची. मला हसू यायचं. मारायचं तर मारावं, वर निरोप कशाला?

ते हसू पुढं माझ्या अंगाशी आलं, त्याची ही हकिकत. आणि तिच्या निमित्तानं, आपण लावलेल्या झाडापायी दुसरा जीव मारायचा आपल्याला हक्क किती, या प्रश्नाशी मी बरीच वर्षं जी झटापट करतोय तीही थोडी सांगतो. उत्तर हाती लागलंय असं समजून मात्र कुणी वाचू नये.

आम्ही मूळचे मुरबाडकडचे. वडील अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत लागले आणि आम्ही गाव सोडून उल्हासनगरला कॅम्प ५ मध्ये राहायला आलो. दुसऱ्या महायुद्धात लष्करानं कल्याणजवळ मोठी छावणी उभारली होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तिथल्या बराकींमध्ये जागा दिली गेली. ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते नव्या गावाची कोनशिला बसली आणि उल्हास नदीवरून उल्हासनगर नाव पडलं. छावणी गेली पण कॅम्पांचे आकडे राहिले. त्यातला पाच नंबर अंबरनाथच्या अंगाला.

बराक म्हणजे लांबच लांब इमारत, मधे भिंती घालून केलेल्या खोल्या. आमच्या भिंतीपलीकडं एक सिंधी कुटुंब होतं. घरातल्या म्हातारीला अख्खी बराक अम्मा म्हणायची. ती शिकारपूरची. तिकडं त्यांच्या घरामागं बाग होती म्हणे, गुलाब होते, मोगरा होता. इकडं तिच्या वाट्याला आलेली जमीन म्हणजे दारासमोरचा चार हात मुरूम. त्यात काही जीव धरत नव्हतं. म्हणून आई माहेरी गेली की येताना सिमेंटच्या रिकाम्या गोणीत माती घेऊन यायची. एसटीचा कंडक्टर विचारायचा, "बाई, गोणीत काय?" आई म्हणायची, "माती." त्याला ती थट्टा वाटायची, मग तो गोणीत हात घालून बघायचा आणि मुकाट लगेजचं तिकीट फाडायचा.

मामाच्या परसात कढीपत्त्याच्या मुळाला फुटलेलं एक पिल्लू होतं. ते आईनं आणलं आणि दोन दारांच्या बरोबर मधे लावलं. बहुधा तिथं ऊन जास्त वेळ टिकायचं म्हणून. पण त्यामुळं झाड सामाईक झालं. आमच्या आमटीला कढीपत्ता लागतो, सिंधी कढीलाही लागतो. आई तांदळाचं धुवण घालायची, अम्मा आंबट ताक घालायची. ताकानं कढीपत्ता फोफावतो यावर दोघींचं एकमत होतं. नळाच्या पाण्यावरून, ओट्यावरच्या जागेवरून, माशांच्या वासावरून भांडणं व्हायची. झाडावरून कधी झालं नाही.

कढीपत्ता, लिंबू आणि बेल ही एका कुळातली झाडं. लिंबावरच्या फुलपाखराला तिन्ही चालतात. मादी कोवळ्या पानावर बारीक मण्यासारखं फिकट पिवळं अंडं घालते, एका जागी एकच. तीन-चार दिवसांत अळी बाहेर येते. लहान असताना ती थेट पाखराच्या शिटेसारखी दिसते, काळपट आणि पांढऱ्या डागाची, म्हणजे कुणी खायला नको. मोठी झाली की पानासारखीच हिरवीगार. डिवचली तर डोक्यामागून नारिंगी रंगाचं दुबेळकं शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. हातभर रोपावर अशा चार-पाच जमल्या तर आठवड्यात नुसत्या काड्या उरतात.

सातवीत असताना शाळेतल्या बाईंनी ही अळी म्हणजे फुलपाखराचं पोर हे समजावून सांगितलं. मी धावत येऊन आईला सांगितलं. आई थबकली. दोन दिवस कप बाहेर निघाला नाही. तिसऱ्या दिवशी शेंडा बोडका झालेला बघून ती म्हणाली, "फुलपाखराची काय आमटी करू?" आणि पुन्हा चिमटा घेऊन बसली. फरक एवढाच पडला की निरोप जरा लांबला. "उडायचं हुतं तुला. जा बाय."

हे थबकणं मला पुढं फार वेळा आठवलं. जास्वंदीवरच्या पिठ्या ढेकणासाठी कधी कोणी थबकलंय का? मावा, तुडतुडे, पांढरी माशी यांच्यासाठी? ती पण जीवच आहेत, त्यांनाही भूकच आहे. पण त्यांचं पुढं काही रंगीत होत नाही. भेंडीला हळद्या झाला, पानाच्या शिरा पिवळ्या पडल्या की आई अख्खं झाड उपटून फेकायची, कारण तो रोग पांढऱ्या माशीबरोबर शेजारच्या झाडावर जातो आणि झालेल्या झाडाला औषध नाही. त्या उपटलेल्या झाडाला ती निरोप देत नव्हती. दयेतही आपण निवड करतो, आणि ती बरीचशी रूप बघून करतो.

१९७६ च्या पावसाळ्यात आजी आजारी पडली म्हणून आई गावी गेली. झाडाची राखण माझ्याकडं आली. मी तेरा वर्षांचा. पहिले दोन दिवस चिमटा घेऊन बसलो. तिसऱ्या दिवशी कंटाळा आला, किळसही आली. घरात ढेकणांचं औषध होतं. त्या काळी ढेकूण नाहीत असं बराकीत एकही घर नव्हतं. दर महिन्याला खाटेच्या सांध्यांत ते औषध मारलं जायचं. पत्र्याचा हातपंप होता. संध्याकाळी मी तो भरला आणि झाडावर मारला. वरून मारला, खालून मारला, पान न् पान भिजवलं. थोड्या वेळात अळ्या लोंबकळायला लागल्या आणि एकेक करून खाली पडल्या. मला फार मोठी अक्कल लढवल्यासारखं वाटलं. आई रोज अर्धा तास घालवते ते काम पाच मिनिटांत झालं होतं, आणि एकाही अळीकडं नीट बघावं लागलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेत गेलो. अम्मानं नेहमीप्रमाणे दोन डहाळ्या तोडल्या. विचारायची पद्धत नव्हतीच. दुपारी परत आलो तर ओट्यावर गर्दी. अम्मा आणि तिचा धाकटा नातू, दोघं ओकत होते. नातवाच्या तोंडातून लाळ गळत होती, अम्माला उभं राहवत नव्हतं. टांग्यात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं? कढी-भात. मग बेसन जुनं असेल, असं ठरलं. सुया टोचल्या, सलाईन लावलं.

नातू दोन दिवसांत खेळायला लागला. अम्माला उठायला आठवडा लागला. त्या आठवड्यात बेसनाचा सगळा राग अम्माच्या सुनेवर निघाला. तिला आम्ही भाभी म्हणायचो. लग्न होऊन चार-पाच वर्षं झालेली, चोवीस-पंचवीसची असेल. सासऱ्यापासून नणंदेपर्यंत सगळे तिला बोलले. डब्यातलं सगळं बेसन तिनं गटारात उपडं केलं, ते मी दारात उभा राहून बघितलं. तोंड उघडलं नाही.

आई आली ती आधी झाडापाशी गेली. एक पान तोडून चुरगाळलं, वास घेतला. मग माझ्याकडं बघितलं. काहीही विचारलं नाही. विळा काढून झाड बुंध्यापासून वीतभर ठेवून छाटलं आणि फांद्या पोत्यात भरून लांब कुठंतरी पुरून आली. अम्मानं विचारलं तेव्हा म्हणाली, "रोग पडला हुता." आई कधी खोटं बोलत नसे असं मी लोकांना सांगतो. या एका वेळेला ती बोलली, माझ्यासाठी.

ते औषधानंच झालं, असं मी आजही छातीठोकपणे सांगू शकत नाही. डहाळ्या तिनं धुतल्या असतील. कढीत उकळल्या असतील. बेसन खरंच जुनं असू शकेल. या शंकेच्या आडोशाला मी चाळीस-पंचेचाळीस वर्षं आरामात काढली. खात्री नाही ना, मग कबुली कशाची? पण खात्री करून घ्यायचा सोपा मार्ग तेव्हा होता. डॉक्टरांना एक वाक्य सांगायचं होतं. ते सांगितलं असतं तर उपचारही कदाचित वेगळे झाले असते. म्हणजे शंका आपोआप राहिलेली नाही, मीच ती ठेवली.

आईनं त्या झाडावर जेवढे जीव मारले त्याच्या मानानं मी मारलेले फार थोडे. मोजायलाच बसलं तर पाप तिच्या खात्यावर जास्त. तरी मला ते हिशोबात धरवत नाही. ती एका एका अळीला बघत होती. कपात किती पडल्या हे तिला माहीत असायचं, आणि कप रिकामा झाला की तिचं मारणंही तिथंच संपायचं. माझं मारणं झाडावरून स्वयंपाकघरात गेलं, एका पोराच्या पोटात गेलं आणि एका बाईच्या संसारात जाऊन बसलं. मी पंप खाली ठेवल्यानंतरही ते चालू राहिलं. जीन्स धुण्याच्या कारखान्यांच्या दिवसांत कॅम्प ५ च्या नाल्यांतून वालधुनी नदीला निळं-काळं पाणी जायचं ते पाहिलं की मला हेच आठवायचं. कुणी तिकडं नळ सोडला, त्याचं काम संपलं, तो घरी गेला.

हा विचार मी एकदा मोठ्या तोऱ्यात मामाला ऐकवला. मामा वांगी लावायचा आणि कल्याणच्या बाजारात विकायचा. वांग्याची अळी महा बेरकी. आधी शेंड्यात शिरते, शेंडा माना टाकतो. मग फळात शिरते. एकदा आत गेली की बाहेरून मारलेलं औषध तिच्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणून ती आत जायच्या आधीच गाठायला शेतकरी पुन्हा पुन्हा फवारत राहतो. मामा उघड्या अंगानं, पाठीवर पंप घेऊन फवारायचा आणि रात्री डोकं धरून बसायचा. माझं सगळं ऐकून घेऊन तो म्हणाला, "तुझ्या आईला एक झाड. मला वीस गुंठे. चिमटा घेऊन बसू का?" मी म्हटलं, निदान कमी फवार. तर म्हणाला, "भोकाचं वांगं घेशील काय तू? घेत असशील तर सांग, आजच पंप माळ्यावर टाकतो."

यावर मला बोलता आलं नाही. आमच्याच घरात बाजारातलं प्रत्येक वांगं फिरवून फिरवून बघितलं जातं. एवढंच काय, श्रावणी सोमवारी आई अंबरनाथच्या शिवमंदिरात बेल वाहायला जायची तेव्हा भोक पडलेलं पान आधीच वेगळं काढायची. खंडित बेल महादेवाला चालत नाही. ते देऊळ १०६० सालातलं. सुमारे साडेनऊशे वर्षं तिथं बिनभोकाची पानं वाहिली जात असणार, आणि बेलावर हीच लिंबावरची अळी पोसते. देवालाही कीड खाल्लेलं नको आणि माणसालाही, मग शेतकऱ्यानं कुणाकडं बघून पंप खाली ठेवायचा? २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ती बातमी वाचताना मामाची उघडी पाठ डोळ्यांसमोर आली. विषाचा पहिला वाटा फवारणाऱ्यालाच मिळतो. आणि मी मात्र पाच कुंड्यांच्या जिवावर त्याला शहाणपण शिकवत होतो.

तुकोबांची एक आख्यायिका आपल्याकडं सगळे सांगतात. कुणी त्यांना शेताची राखण सांगितली, आणि त्यांनी पाखरांना हाकललंच नाही, खाऊ दिलं. मालक चिडला, पंचांकडं गेला. पण खळं केलं तर नेहमीपेक्षा जास्त धान्य निघालं. लहानपणी मला ही गोष्ट फार आवडायची. आता तिच्यातला चमत्कार खटकतो. धान्य वाढलं नसतं तर? मालकाची पोरं उपाशी राहिली असती तर पंचांनी काय म्हणावं? खरा प्रश्न तिथं सुरू होतो, आणि गोष्ट नेमकी तिथंच हात झटकून मोकळी होते.

मधला एक रस्ता म्हणून लोक मित्रकीटकांचं नाव घेतात. त्यातली पपईची हकिकत मला विलक्षण वाटते. २००८ च्या सुमारास तामिळनाडूत कोइमतूरकडं पपईवर एक परका पिठ्या ढेकूण दिसला. मेणचट पांढऱ्या आवरणामुळं त्याला औषधं लागू पडेनात. पपई गेली, तुती गेली, पुढं तो आपल्या पुण्याकडंही आला. मग २०१० मध्ये बंगळूरच्या सरकारी कीटक संस्थेनं पोर्टो रिकोहून एक चिमुकली गांधीलमाशी आणली. मिलिमीटरएवढीही नाही. ती पिठ्या ढेकणाच्या अंगात अंडं घालते, आणि तिचं पोर त्याला आतून खाऊन बाहेर येतं. ही माशी सोडली आणि कीड आटोक्यात आली. फवारणी वाचली, माणसं वाचली, मधमाश्या वाचल्या. उत्तम झालं. पण ढेकणाच्या जागी उभं राहून बघितलं तर माझ्या ढेकणाच्या औषधापेक्षा हे मरण काही गोड नाही. आपण मारायचं थांबलो नाही, मारणारा दुसरा ठेवला. फक्त हा मारणारा आपल्या कामापुरतंच मारतो, शेजाऱ्याच्या कढीत जात नाही. माझ्या लेखी तेवढं पुष्कळ आहे. ज्यांना पुरेसं वाटत नाही त्यांचंही चूक आहे असं मला म्हणवत नाही.

रेल्वेतून निवृत्त झाल्यावर मी आमच्या इमारतीच्या गच्चीवर कुंड्या मांडल्या. बराक कधीच पाडली गेली. पाडताना त्या छाटलेल्या कढीपत्त्याच्या मुळाचं एक पिल्लू मी आधीच काढून ठेवलं होतं. तो छाटल्यावर पुन्हा दाट फुटला होता. आता तो गच्चीवर आहे, अर्ध्या ड्रममध्ये. जास्वंद आहे, मिरची आहे, दोन लिंबं आहेत. मिरचीवर फुलकिडे आले की पानं वर वळून बोकडतात, जास्वंदीवर पिठ्या ढेकूण येतो. त्याच्यामागं मुंग्या असतात, त्या त्याच्या गोडव्यासाठी त्याची राखण करतात, म्हणून आधी मुंग्यांची वाट तोडावी लागते. पाण्याचा जोराचा फवारा निम्मं काम करतो. उरलेल्यासाठी निंबोळी अर्क. पन्नास ग्रॅम कुटलेली निंबोळी लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवायची, फडक्यानं गाळायची, चिमूटभर साबण घालायचा आणि सूर्य कलल्यावर मारायचा. उन्हात त्याचा गुण लवकर जातो आणि दिवसा फुलांवर मधमाश्या असतात. कढीपत्त्यावर मी अर्कही मारत नाही. तिथं चिमटाच. एक फांदी अळ्यांसाठी सोडतो. त्या फांदीबाहेर गेल्या तर कपात. हा न्याय मी ठरवलेला आहे, अळ्यांना कुणी विचारलेलं नाही, हे मला कळतं.

गच्चीवर सगळ्या इमारतीचे लोक येतात. जे काही मारलं असेल ते दाराच्या आत पाटीवर खडूनं लिहून ठेवतो, तारखेसकट. काही जण हसतात.

दोन वर्षांपूर्वी कॅम्प ५ मधल्याच एका लग्नात भाभी भेटली. सत्तरी ओलांडलेली, काठी घेऊन. तिचं कुटुंब केव्हाच पुण्याला गेलं होतं. अम्मा १९९१ लाच गेली. जेवणं झाल्यावर मी तिच्याशेजारी खुर्ची ओढली आणि सगळं सांगून टाकलं. पंप, संध्याकाळ, डहाळ्या, गटारातलं बेसन. ती ताटलीतली बडीशेप चघळत ऐकत होती. माझं संपल्यावर बराच वेळ काही बोलली नाही.

मग म्हणाली, "बेसन नया था. उसी दिन खोला था मैंने. मुझे मालूम था."

मी विचारलं, "मग भाभी, तेव्हा बोलला का नाहीत?"

"किसको बोलती? कौन सुनता?" ती म्हणाली. रागावली आहे की नाही मला कळेना. मी माफी मागितली, तिनं हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. उठताना काठी सावरत तिनं विचारलं, "वो झाड अभी है क्या?"

आहे म्हटल्यावर तिला पिल्लू हवं होतं. पावसाळ्यात मी ते काळजीनं मुळासकट काढलं, पिशवीत लावलं, आणि पुण्याला जाणाऱ्या एका नातेवाइकाबरोबर पाठवलं. पाठवायच्या आधी पानं उलटून बघितली. दोन अंडी होती. ती मी काढली नाहीत. फोन करून भाभीला तेवढं सांगितलं.

ती म्हणाली, "देख लूंगी."